सात नंबरचा डबा

९ मार्च

ताई,

सप्रेम नमस्कार. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ ही ओळ तुला कधीच आवडली नाही, म्हणून गाळते. कारण आहे, ते खाली येईल.

आईचे गुडघे ठीक आहेत, म्हणजे कुरकुर चालू आहे पण जिना चढते. काल माझी लेक स्वेटर उलटा घालून शाळेत गेली. आई म्हणाली, "तुझ्यावरच गेलीये." माझा उलटा फ्रॉक शाळेच्या फाटकाशी सुलटा करून देणारी तूच होतीस.

इकडे उत्खनन पुन्हा सुरू झालंय. पद्धत तीच. खड्ड्याच्या भिंतीत पत्र्याचा डबा ठोकायचा, मातीचा ठोकळा जसाच्या तसा काढायचा, झाकणावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा. पण माती नाकाशी धरून वास घेणारं तुझ्यामागे कोणी उरलं नाही. नवी मंडळी हातमोजे घालतात.

मोठे सर या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांचं कपाट आवरताना सात नंबरचा डबा सापडला, अकरा वर्षांपूर्वीचा. त्यावरूनच सरांनी लिहिलं होतं, की वस्ती आधी जळाली आणि मग पूर आला. पुढच्या वर्षी शेजारच्या खड्ड्यात नेमकं उलटं निघालं, खाली पुराचा गाळ आणि वर राख. सरांचं चारचौघांत हसं झालं. नोंदवही तुझ्या अक्षरातली. "ज्याला मातीचं वर-खाली कळत नाही, त्यानं दुसरं काम बघावं," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. तू खरंच दुसरं काम बघितलंस.

तो ठोकळा मी परत भिंगाखाली धरला. गाळ वाळला की भेगा वर रुंद असतात आणि खाली निमुळत्या होत जातात, हे मला तूच शिकवलंस. इथे सगळ्या भेगा खालच्या अंगाला उघडलेल्या. बाण उलटा होता.

तो बाण मी काढला होता, ताई. तू प्लास्टर आणायला गेली होतीस. मी ठोकळा मांडीवर घेतला, इकडेतिकडे फिरवला आणि मग अंदाजानं बाण ओढला. सर बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी बुटाची नाडी बांधत बसले. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि झाली. तू तेव्हाही बोलली नाहीस, नंतरही नाही. मला त्याची इतकी लाज वाटायची, की तुझ्याकडे येणंच मी बंद केलं. कामाचं निमित्त सांगत राहिले.

मंगळवारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार?"

"सर, आपण पगार त्याचाच घेतो," मी म्हटलं.

त्यांनी डबा उचलून झाकणावरचा बाण पाहिला. मग तुझा पत्ता मागितला. तुला विचारल्याशिवाय मी दिला नाही. या हंगामाची प्रमुख मी होणार होते, ते बहुधा राहिलं.

नोंदवहीच्या पानाची प्रत सोबत आहे. ‘खूण कोणी केली’ या रकान्यात त्या दिवशी सकाळीच तू सगळ्या डब्यांपुढे आपलं नाव लिहून ठेवलं होतंस, वेळ वाचावा म्हणून. सातव्यापुढचं मी खोडलंय आणि तिथे माझं लिहून आजची तारीख टाकलीय.

रविवारी दुपारी येते. दार उघडलं नाहीस तरी तासभर फाटकाशी थांबेन.

अजूनही उलट्या फ्रॉकातली,
तुझी धाकटी