आग्नेलची गाळलेली वाट

३ नोव्हेंबर
नंदाखाल एकदम पसंत! मिरजेहून निघताना वाटलं होतं, मुंबईजवळ म्हणजे नुसता सिमेंटचा कारभार असणार. इथे खिडकीबाहेर केळी, नारळ आणि जुलियाना आंटींच्या कोंबड्या. त्यांच्याच घराची वरची खोली भाड्याने घेतली. जिना बाहेरून, त्यामुळे माझी ये-जा मोकळी. आल्या आल्या आंटींनी बोंबलाचं कालवण पाठवलं.

उद्यापासून गोखिवऱ्यात नकाशाची नोकरी. मोठा नकाशा लहान करताना गिचमिड होते, म्हणून प्रोग्राम बारीक रस्ते आपोआप गाळतो: आखूड, पुढे बंद असलेले, एकाच घराशी संपणारे. शंका असेल तिथे शेवटचा शब्द माझा. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, जपून हो.

१० नोव्हेंबर, रविवार
डोकं फिरलंय. समोरच्या वाटेच्या तोंडाशी बाईक लावली होती. वाडीतून जाणारी शंभर-सव्वाशे पावलांची वाट, शेवटी एकच घर: आग्नेल बॅप्टिस्ट आणि त्यांची बायको सालोमी यांचं. चर्चमधली मिस्सा सुटून लोक परतत असताना म्हातारा ओरडला, "गाडी काढ पयली! मानसाला जायला वाट नको?" आणि सगळ्यांदेखत चाकातली हवा सोडली. बायका हसल्या. मी विसरणाऱ्यातला नाही.

१२ नोव्हेंबर
आज स्क्रीनवर नेमकी तीच वाट आली. पाहणीला गेलेल्या जेन्सनने 'गाडी जाते, ठेवा' अशी खूण केली होती. मी खूण काढली आणि वाट गाळली, लहान-मोठ्या सगळ्याच नकाशांतून. घे म्हणावं. आज चहासुद्धा छान लागला.

१७ नोव्हेंबर
आग्नेल गेले. काल सकाळी अकराला छातीत कळ आली. इथली खासगी रुग्णवाहिका आमचाच नकाशा वापरते. ड्रायव्हर नवा, नकाशात वाट नाही. तो पार निर्मळ गावापर्यंत जाऊन परत आला. सालोमी अनवाणी रस्त्यावर धावत होती म्हणे.

आज दफनाला गेलो, मूठभर माती टाकली. सालोमीने विचारलं, नकाशातली आमची वाट कुणी काढली? मी म्हणालो, मशीन काढतं. ती कबरीकडे वळली. मग म्हणाली, यांनाच विचारते.

१८ नोव्हेंबर
वाट नकाशात परत घातली. जेवून आलो तर पुन्हा गायब, आणि सोबत आंटींच्या विहिरीकडची पायवाटही. दोन्ही नोंदींपुढे माझंच नाव. घरी येऊन पाहतो तर पायवाटेच्या जागी दाट केळी. आंटी म्हणाल्या, तिथे वाट कधी नव्हतीच.

१९ नोव्हेंबर
आता चर्चकडचा रस्ता. आधी नकाशातून गेला, मग खरोखरच. तिथे कुंपण आहे, जुनं, शेवाळलेलं. ऑफिसला जाता येईना. खरं लिहितो, फार भीती वाटते.

२० नोव्हेंबर, दुपार
कुठूनही निघालो तरी आग्नेलच्या ओटीवर पोचतो. चार वेळा झालं. चौथ्या वेळी म्हातारा ओटीवर बसलेला — दफनाच्या मातीसकट. रागावलेला नव्हता. म्हणाला, बस, इथे आता कुणी येत नाही.

२१ नोव्हेंबर
पोलिसांना फोन केला. पत्ता सांगितला. म्हणाले, असा पत्ता दिसत नाही. आंटी खाली भांडी घासतायत — हाका मारतोय — मान वर करत नाहीत —

२२ नोव्हेंबर
जिन्याच्या सात पायऱ्या उरल्या. खाली नुसता अंधार, भर उन्हात.

सालोमी आली. ओरडून सांगितलं, मी मुद्दाम केलं, रागाने केलं, पाया पडतो, कुणाला तरी बोलवा. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, यांनी सांगितलं होतं, मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग वळून चालू लागली. तिच्या पायाखाली वाट आहे — तिच्यामागे मिटत जाते —

तीन पायऱ्या.

आता एकही नाही. तरी कुणीतरी चढून येतंय — सावकाश, दम खात, माती सांडत — उंबऱ्याशी —

मी लिहितोय तोवर तो थांब