मारोतरावांच्या घडाईबाबत

मी, देवाजी कवडू रामटेके, वय ७४, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नी सिंधूताई हिचे. तिच्यानंतर पियुष आणि रोशनी या मुलांनी ते निम्मे-निम्मे घ्यावे.

२. कारखाना, भट्टी व सर्व हत्यारे मुलगी रोशनी हिला. पियुष पुण्यात नोकरीत सुखी आहे. त्याने भट्टीकडे कधी ढुंकून पाहिले नाही, त्याबद्दल माझा राग नाही. शेजारी चंपतराव वीस वर्षे घणाच्या आवाजाची तक्रार करत आहेत. त्यांना कळवावे की रोशनी काम चालू ठेवणार आहे.

३. आता जे लिहायला मला जवळजवळ चौदा वर्षे लागली ते.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही जास्त क्रोमियमच्या पोलादाचे, पत्रा कापायचे एक पाते केले. घडाई माझे भागीदार मारोतराव बनसोड यांची. हे पोलाद हट्टी असते. हळूहळू तापवावे लागते, चारही बाजूंनी फिरवून ठोकावे लागते, लाली उतरायच्या आत हात थांबवावा लागतो आणि मग राखेत गाडून निववावे लागते. मारोतरावांनी यातले काहीही चुकवले नाही.

पुढचे काम माझे होते. मी पाते पुन्हा तापवून तेलात बुडवले. ते कोमट असतानाच मंद आचेवर दोनदा शेकायला हवे होते, नाहीतर असले पोलाद काचेसारखे ठिसूळ राहते. गिऱ्हाईकाची गाडी दारात उभी होती. कडकपणा पाहायला मी कानस फिरवली, ती न घासता घसरली. पाते कडक झाले म्हणून खूश झालो आणि न शेकताच देऊन टाकले. कडक म्हणजे चिवट नव्हे, हे मी स्वतः सगळ्यांना शिकवत असे.

तिसऱ्या दिवशी पात्याचे दोन तुकडे झाले. मारोतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "देवाजी, माहाच हात चुकला गा." मी गप्प राहिलो. त्यांनी घण सोडला आणि कोराडीच्या एका वसाहतीत पहारेकरी झाले. त्याच घडाईचा उरलेला तुकडा मागच्या वर्षी रोशनीने तसाच तेलात बुडवून दोनदा शेकला. मोठ्या घणाखालीही तो तुटला नाही, म्हणजे घडाईत खोट नव्हती. मला स्वतःची लाज वाटते.

हे वाचून दाखवल्यावर सिंधूताई म्हणाली, "मेल्यावर काहून सांगता जी? मारोतभाऊ जिते आहेत ना." म्हणून आज त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले. तोंडाने सांगायचे धाडस झाले नाही. वाचायला हा कागदच दिला.

४. माझा मोठा घण त्यांच्या नावे लिहिणार होतो. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून तो आज हातानेच दिला. त्यांनी खुर्चीखाली ठेवला आहे.

याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही.

नागपूर, १२ जानेवारी २०२५
सही : देवाजी कवडू रामटेके

आमच्यासमोर सही झाली :
१) विश्वनाथ गजभिये, जरीपटका
२) मारोतराव बनसोड, कोराडी. पूरा कागद वाचला. सही माही आहे. माफीचं मंग पाहू. घण घेऊन चाललो.