लिब फोल्डरातली जुनी फाईल

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

खंडेनवमी. कारखान्यात सगळी यंत्रं बंद ठेवून पूजा. वर्षातून एकदाच सर्व्हरही बंद होतो — हार, हळदकुंकू. मी बाजूला उभा राहतो, एवढंच. दुपारी सुरू केला, तर ऊसनोंदीचं पान उघडेना! ऊस नोंदवायला आलेले हौसराव आप्पा खिडकीतून म्हणाले, "काय चांगदेवा, तुझा कम्प्युटर बी नऊ दिवस उपाशी व्हता व्हय?" सगळे हसले. मीही.

२ ऑक्टोबर

सुटी. सकाळी बुद्धविहारात वंदना. मग दौंडची ही खोली. बायको, करुणा, जाऊन तीन वर्षं झाली. सणाचा दिवस फार लांब असतो.

३ ऑक्टोबर

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच तक्रार — मेथड, म्हणजे प्रोग्रामातलं एक काम, सापडत नाही. ती ज्या फाईलीत आहे, ती फाईल तर तिथंच आहे! साहेबांनी विचारलं, "कुणी हात लावला?" गेल्या महिन्यात नवी जार फाईल, म्हणजे प्रोग्रामाचं गाठोडं, प्रतिभानं टाकली होती. बदल नवमीच्या बंदला लागू करायचा, ही आमची रीत. मी तेवढंच सांगितलं. प्रतिभा पाबळची, कंत्राटावरची. आमच्या खोलीत आम्ही दोघंच. साहेब तिला म्हणाले, "सोमवारपर्यंत चाललं नाही तर दुसरीकडे बघा." ती गप्प.

४ ऑक्टोबर

तोच फोल्डर जुन्या मशीनवर कॉपी केला. तिथं चालतं! त्याच फायली, तेच जावा. डोकं चालेना.

५ ऑक्टोबर, रविवार

सापडलं.

सर्व्हर सुरू होताना लिब फोल्डरातल्या सगळ्या जार फायली चाळतो. एकच क्लास, म्हणजे प्रोग्रामाचा एक भाग, दोन फायलींत असला तर आधी हाती येईल तो घेतो. आधी कोणती येईल, हे मशीनगणिक वेगळं. आपल्या फोल्डरात दोन होत्या. एक प्रतिभाची. दुसरीच्या नावापुढं 'जुनी' लिहिलेलं — माझ्या हातचं.

"सर, जुनी काढून टाका," ती म्हणाली होती. माझ्यानं काही टाकवत नाही. करुणाची औषधंसुद्धा अजून फळीवर आहेत. म्हणून नाव बदलून तिथंच ठेवली. नावापुढं काय लिहिलंय हे सर्व्हर कशाला बघतोय! शेवटी जार आहे ना, मग घेतली.

बाहेर हलवली. पान उघडलं. ऑफिसात कुणी नव्हतं.

खोटं बोलणार नाही, असं रोज सकाळी वंदनेत म्हणतो. शुक्रवारी खोटं बोललो नव्हतो. पण न बघता बोललो, आणि ती गप्प राहिली तेव्हा मला बरंच वाटलं.

६ ऑक्टोबर

साहेबांना सांगितलं — चूक माझी. ते म्हणाले, "मग तिचं काम राहू दे." एवढंच.

प्रतिभाला सांगितलं. ती म्हणाली, "शुक्रवारीच दिसली व्हती मला ती फाईल."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"मला कुठं बी काम मिळंल, सर. तुमचं काम गेलं तर तुमी घरी दिवसभर कुणाशी बोलणार?"