मायच्या फॉर्मवर मी केलेली खूण

मी, सौरभ सिताराम वाव्हळ, वय पंचवीस, मूळ गाव बोरगव्हाण, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, सध्या कोपरखैरणे येथे भाड्याच्या खोलीत राहणार, एका सरकारी कार्यालयात शिपाई, लिहून ठेवतो की माझी तब्येत ठीक आहे, डोकं जागेवर आहे, आणि हे मला कोणी दम देऊन किंवा दारू पाजून लिहायला लावलेलं नाही. दहावी तिसऱ्या खेपेला सुटलो, तेव्हा अक्षर आणि चुका सांभाळून घ्याव्यात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझी मोटारसायकल विकून येतील ते पैसे माझी माय गिरजाबाई हिला द्यावेत. गाडी तिचीच आहे. कशी, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. गादी, कुकर आणि मोबाईल खोलीतला जोडीदार रणजीत याला. शेगडी त्याचीच आहे, हे त्याने मला पुष्कळदा ऐकवलं आहे.

कलम ३. काका हौसेराव यांना माझा काळा गॉगल. बाबांच्या जागेवर मला अनुकंपाची नोकरी लागली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "बापाच्या खुर्चीवर बसतूस, बापाएवढं वाचायला तरी शीक." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. ते बोलले ते खरं होतं, राग त्याचाच होता.

कलम ४. हे लिहायला तीन दिवस लागले.

माझे बाबा याच कार्यालयात शिपाई होते. ते २००७ ला लागले, म्हणजे नव्या स्कीममध्ये. जुन्या लोकांना ठरलेली पेन्शन असते. नव्यांचं तसं नाही. पगारातून दर महिन्याला शंभराला दहा कापतात, सरकार आपले वेगळे घालतं, ते पैसे बाजारात लावतात, आणि जमेल तेवढं आपलं. बाबा नोकरीत असतानाच हार्टअटॅकने गेले. तेव्हा ऑफिसने मायसाठी एक फॉर्म दिला. दोन चौकटी होत्या. एक, कुटुंबाला महिन्याची पेन्शन. दुसरी, बाबांच्या खात्यात साठलेली सगळी रक्कम एकदम.

फॉर्मवर लांबलचक सरकारी शब्द होते. मला अर्धे लागले नाहीत. ताई, म्हणजे माझी बहीण राजश्री, बीकॉम आहे. ती फोनवर म्हणाली, "मला एक एक ओळ वाचून दाखव, घाई करू नको." मी म्हणालो, "मुंबईत मी राहतो का तू?" अनुकंपाची जागा खरं तर तिला मिळायला पाहिजे होती. माझ्यासाठी तिने ना-हरकत लिहून दिली होती. तिच्यापुढे मला वाचता येत नाही, हे मला दाखवायचं नव्हतं.

मला एकच गोष्ट दिसली, मोठा आकडा. तिथे खूण केली आणि मायची सही घेतली. ती म्हणाली, "तू म्हणशील तिथं करते, लेकरा." नंतर तिने पेन्शनचं विचारलं, तेव्हा नीट माहीत नसताना ठोकून दिलं की नव्या स्कीमवाल्यांच्या बायकांना पेन्शनच नसते.

त्या पैशातून गाडी घेतली. उरलेल्यात एकासोबत रबाळ्याला कंपन्यांचा माल वाहायचा टेम्पो काढला. सात महिन्यांत तो धंदा बसला आणि माझं मनही त्यातून उडालं. माय तेव्हापासून गावच्या शाळेत खिचडी शिजवते. तिचे हात भाजलेले मी पाहिले आहेत.

त्या खुणेने मायचं काय गेलं, हे मला कळलं मागच्या महिन्यात. माझा स्वतःचा तसाच फॉर्म आला. आस्थापनेतल्या गोजरा म्हात्रे मॅडम, इथल्याच गावठाणातल्या, एकेका चौकटीवर बोट ठेवून आगरीत म्हणाल्या, "अरे बाला, हितं खून केलीस का तुझे मागं घरच्यांना एकदम पैसे. न् हितं केलीस का महिन्याला, तुझी आई हाय तवर. एकदा दिला का बदलता येत नाय. कल्ला का?"

मी म्हणालो, "कळलं." जिन्यात जाऊन बसलो. पाण्यासाठी साहेबांची बेल तीनदा वाजली, तरी उठलो नाही.

कलम ५. माझ्या फॉर्मवर मी महिन्याच्या चौकटीत खूण केली आहे. ही पेन्शन मायला मिळावी. माझ्या पगारातून कापलेले पैसे परत मिळतील ते ताईला. त्यावर काकांचा किंवा आणखी कोणाचा हक्क नाही.

कलम ६. माझ्यामागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा. भोजनदानाचा खर्च मायवर टाकू नये.

हे मृत्युपत्र बंद पाकिटात ठेवून माझ्यामागे उघडावं, असं मी ठरवलं होतं. रणजीत साक्षीदार म्हणून वाचायला बसला आणि कलम ४ वर थांबला. म्हणाला, "म्हणजे तू मेल्यावर तिला कळणार? भारी आहे तुझं. तू तिकडे सुटला, शिव्या खायला आम्ही." त्याने माझाच फोन माझ्या हातात दिला.

म्हणून नोंद करतो की कलम ४ मी मायला फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाली, "सही केली त्या कागदाची झेरॉक्स म्या ठिवली व्हती, तवाच राजश्रीकून वाचून घेतली. तू कवा सांगतूस, ते बघत व्हते."

मी कलम ५ वाचायला लागलो, तर तिने तोडलं. "तू मेल्यावरचं मला नको. हाय तवर पहिल्या तारखेला पैसे पाठीव. चुकलास तर हौसेरावाला घेऊन तिथं येईन."

हे कलम ७ समजावं. ते आजपासून लागू आहे.

सही: सौरभ सिताराम वाव्हळ

साक्षीदार १: रणजीत, खोलीतला जोडीदार. (सही)
साक्षीदार २: गोजरा म्हात्रे, आस्थापना लिपिक. (सही)

ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: १ ऑगस्ट २०२५. पगार झाला. आधी मायला पैसे पाठवले, मग सही केली.