दाराजवळची जागा

मेदेरदादा,

बिश्केकमधल्या नव्या बंगल्याच्या जेवणाला तू कस्टमच्या साहेबाला वरच्या मानाच्या जागी बसवलंस आणि माझ्या नवऱ्याला म्हणालास, "सापार, तू घरचाच. दाराशी बस." मिनीबस चालवणाऱ्याला कुठेही बसवलं तरी चालतं, नाही का?

तेव्हा आई आपलं ताट घेऊन उठली आणि सापारशेजारी जाऊन बसली.

"आई, लोक बघताहेत!" तू कुजबुजलास.

"बघू देत. जावई आहे माझा."

निघताना तू घोड्याच्या मांसाची पिशवी माझ्या हातात कोंबलीस. ती तुझ्या फाटकावर भिरकावणार होते. पण घरी आणली, आणि मुलांनी बोटं चाटून खाल्लं.

हे पत्र मी टाकणार नाही. हिवाळा मोठा आहे, पुढची पिशवी नाकारायची माझी ऐपत नाही.

तुझी बहीण,
जिपार