बाईंची स्वीडनहून येणारी पत्रं

बाई,

मनातल्या मनात मी तुम्हाला याच नावाने हाक मारायचे. समोर मात्र इथल्या रीतीप्रमाणे तुमचं पहिलं नाव घ्यावं लागे आणि दर वेळी जीभ अडखळे. दोन हजार पाच साल असावं. नेदरलँड्समधल्या या टिलबर्ग गावच्या वाचनालयात तुम्ही आम्हा नव्याने आलेल्या बायकांना डच शिकवायचात. नवरा ऑफिसला गेला की मी सायकल काढून यायचे. तुम्ही स्वतः स्वीडनच्या, इथल्या माणसाशी लग्न करून तरुणपणी आलात आणि राहिलात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं, डोळे अधू होत चालले होते. एकदा वर्ग सुटल्यावर तुम्ही मला घरी कॉफीला बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास आला, आणि शिऱ्याच्या आठवणीने मी दारातच थांबले. तुम्ही ओव्हनमधून गोड पाव काढत होता. मग बहिणीचं पत्र माझ्यापुढे ठेवलंत. "वाच."

"मला स्वीडिश कुठे येतं?"

"अक्षरं येतात ना? तू वाच. समजायचं काम माझं."

मी वाचते आहे आणि तुम्ही हसून हसून डोळे पुसता आहात. हळूहळू मला त्या भाषेची चाल सापडली, वाक्य कुठे चढतं, कुठे उतरतं. पत्रात काय होतं ते तुम्ही नंतर सांगायचात: बर्फ, शेजाऱ्यांचा कुत्रा, तुमच्या आईने लावलेलं सफरचंदाचं झाड. मग एका वसंतात जे पत्र आलं, त्याचं अक्षर वेगळं होतं. मला वाटलं, बहिणीने कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल. मी नेहमीच्याच उत्साहात सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि तुम्ही कप खाली ठेवलात. मी थांबले. "शेवटपर्यंत वाच," तुम्ही म्हणालात. मी वाचलं. मग खिडकीकडे बघत तुम्ही सांगितलंत, पत्र भाचीचं आहे, बहीण गेली, अंत्यसंस्कारही होऊन गेले. मी ते सगळं गाणं म्हणावं तसं वाचलं होतं. मी माफी मागायला लागले, तर म्हणालात, "बरं झालं तुला कळत नव्हतं. तू रडली असतीस, तर मला ऐकायला कुठे मिळालं असतं?"

त्यानंतर तिकडून पत्र आलं नाही. काही आठवड्यांनी तुम्ही म्हणालात, "आता तुझ्या आईचं आण." आम्ही तर रविवारी फोन कार्डावर बोलायचो. आईला सांगितलं तशी ती म्हणाली, "अगं, फोनवर सगळं बोलतो की आपण. आता लिहू काय?" तरी तिने लिहिलं. मी वाचत होते, आणि तुम्ही एक शब्द कळत नसताना डोळे मिटून ऐकत होता. शेवटच्या ओळीशी आले आणि मी पत्राची घडी घातली. "काय लिहिलंय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "काही नाही, नळाला पाणी येत नाहीये." तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि पुढे विचारलं नाहीत. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

आज इतक्या वर्षांनी हे मराठीत लिहिते आहे. पाठवायचं कुठे, आणि तुम्हाला वाचून तरी कोण दाखवणार? आईने लिहिलं होतं, "यंदा येतेस का, हे आता मी विचारणार नाही." एवढं वाक्य डचमध्ये सांगायला लागणारा प्रत्येक शब्द तुम्हीच मला शिकवला होता, बाई. तरी मला ते सांगवलं नाही.