लाल रेघेखालचे थंड पाणी

मी, समुद्रमोजणीच्या जहाजावरचा निवृत्त निरीक्षक, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला आहे आणि तो मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे. दडपण कोणाचे नाही.

१. राहते घर मुलाला. गेल्या महिन्यात तो माझ्या खोलीतली भिंत टेपने मोजत होता. पडद्यासाठी, म्हणाला. खिडकी समोरच्या भिंतीत आहे. तरी घर त्यालाच. माझी आरामखुर्ची मात्र वर्षभर हलवू नये.

२. माझा थर्मामीटर मेहुण्याला. कारण लिहिणे भाग आहे.

दोन समुद्रांच्या मध्ये पाण्याखाली डोंगराची रांग आहे, तिला एक खिंड. थंड, खारट पाणी जड असते, तळाशी बसते. पलीकडचा समुद्र खिंडीच्या उंबरठ्यापर्यंत भरला, की ते मुकाट्याने अलीकडे ओसंडते. वरच्या लाटांना पत्ताही नसतो. ओसंडते की नाही, हेच मला आणि त्याच जहाजावरच्या मेहुण्याला तेव्हा शोधायचे होते. हा थर्मामीटर खोलवर नेऊन उलटवला की पाऱ्याचा धागा तुटतो आणि तिथली थंडी धरून बसतो. वर कितीही ऊन असो. माझा स्वभाव त्याच्यावरच गेला, असे बायको म्हणायची.

थर्मामीटर बांधलेली तार वर ओढायला दीड तास लागे. तेवढ्यात आम्ही शाळेतल्या कविता म्हणत असू; एक ओळ मी, पुढची मेहुणा. मग वाचन. पद्धत अशी, की पहिल्याने आकडा लिहून वही मिटायची आणि दुसऱ्याने न विचारता वाचायचे. शेवटच्या अंकात थोडा फरक पडतोच. त्या दिवशी खिंडीतला आकडा कधी नव्हे इतका थंड आला, आणि दोघांचा शेवटच्या अंकापर्यंत एकच. मेहुणा आदल्या दिवसापासून उलट्या करून अर्धा झाला होता. मला वाटले, याने माझी वही पाहिली.

"दाजी, मी वाचला तोच लिहिला," तो म्हणाला.

मी दोन्ही आकड्यांवर लाल रेघ मारली. त्याची बदली भांडारात झाली. अहवालात गेले, की खिंडीतून थंड पाणी येत नाही. त्यानंतर पुढची ओळ कोणी म्हटली नाही.

मुलगी आता त्याच खिंडीच्या तळाशी उपकरणे ठेवण्याचे काम करते. यंदा तिने आलेख आणला. हिवाळा सरताना पाणी दरवर्षी ओसंडते. आमचा आकडा खरा होता. मी तिला आलेख पुन्हा काढायला लावला. दोन्ही सारखे आले, तेव्हाही जुनी खोड उठलीच.

३. लाल रेघेची ती वही मुलीने समुद्रमोजणीच्या कार्यालयात द्यावी. रेघ माझी चूक, अशी सही केलेली चिठ्ठी आत आहे. पोच घ्यावी.

४. माझे कवितांचे शालेय पुस्तक मेहुण्याला. ते कागदात गुंडाळले आहे, वर एका कवितेची पहिली ओळ लिहिली आहे. दुसरी त्याने कागद न सोडता म्हणावी. पाहून म्हटली, तरी चालेल.

साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून यातली खाडाखोड मोजली. डॉक्टर: तीन. शेजारचे घड्याळवाले: तीन. आकडे जुळले आहेत. तसेच राहू द्यावेत.

सही: निरीक्षक (निवृत्त)
साक्षीदार: १. डॉक्टर २. घड्याळवाले
ठिकाण: राहते घर, समुद्राकडची खोली
दिनांक: २६ फेब्रुवारी